सतराव्या दिवशी मोडलेली शपथ

प्रिय ताई,

डिचोलीहून आलेले तुमचे पत्र दोनदा वाचले. यजमानांनी नऊ वर्षांच्या लेकीच्या डोक्यावर हात ठेवून सिगरेट सोडण्याची शपथ घेतली आणि सतराव्या दिवशी, रात्रपाळीच्या मधल्या सुट्टीत, कंपनीच्या गेटबाहेरच्या गाड्यावर ती मोडली. ‘पोरीपेक्षा सिगरेट मोठी?’ असे तुम्ही विचारता. धाकटे दीर चवथीला चार ओढतात आणि मग वर्षभर पाकिटाला हात लावत नाहीत. सासरे मात्र शेवटपर्यंत ओढत होते. मग हे रक्तातच आहे का, आणि लेकीतही उतरेल का, ही तुमची धास्ती.

आधी दिरांशी तुलना सोडा. सख्ख्या भावांचीही जनुके सरासरीने निम्मीच जुळतात. २००८ साली शास्त्रज्ञांना पंधराव्या गुणसूत्रावर सीएचआरएनए५ या जनुकातला एका अक्षराचा फरक सापडला, ज्याचा सिगरेटच्या व्यसनाशी संबंध आहे. निकोटिन जास्त झाले की मेंदूचा एक भाग मळमळ, नकोसेपणा निर्माण करून ‘पुरे’ म्हणतो. उंदरांवरच्या प्रयोगांत दिसले, की हे जनुक बंद पडले तर तो ‘पुरे’ नीट उमटतच नाही. दुसरे जनुक यकृतातले, सीवायपी२ए६. ते निकोटिनचा निचरा करते, कुणात झपाट्याने, कुणात सावकाश. एरवी साधारण दोन तासांत रक्तातले निकोटिन निम्म्यावर येते. ज्यांच्यात ते त्याहून लवकर उतरते, त्यांना पुढची तलफही लवकर येते. यजमान सकाळी तोंड धुण्याआधीच काडेपेटी शोधतात असे तुम्ही लिहिले आहे ना? रात्रभरात सगळे उतरलेले असते. उठल्यावर पहिली सिगरेट किती लवकर लागते, यावरूनच डॉक्टर व्यसनाची खोली जोखतात.

म्हणून रक्ताला शरण जायचे का? मुळीच नाही. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांतून या व्यसनात आनुवंशिकतेचा वाटा निम्म्याच्या आसपास दिसतो, पण तो असंख्य जनुकांत विखुरलेला आहे. पंधराव्या गुणसूत्रावरच्या त्या फरकाची एक प्रत असली, तर ओढणाऱ्यांमध्ये सरासरी दिवसाला एखादी सिगरेट वाढते. एखादीच!

आता तो सतरावा दिवस. सोडल्यावर चिडचिड, झोपमोड, बेचैनी पहिल्या आठवड्यात सर्वात जास्त असते, नंतर ओसरत जाते. म्हणजे सर्वात कठीण दिवस यजमानांनी काढले होते, ताई, आणि ते कुणी मोजलेच नाहीत. त्यांना पाडले ते त्या गाड्याने. तोच वाफाळता चहा, तोच पाऊस, तोच सोबती पाकीट पुढे करणारा. मेंदूने या साऱ्याची आणि निकोटिनची वर्षानुवर्षे गाठ मारून ठेवलेली असते. माझ्या बाबांनी विडी सोडली, त्यानंतर कितीतरी महिने चहाची कपबशी खाली ठेवली की त्यांचा हात सदऱ्याच्या खिशाकडे जायचा. दोन बोटे खिशात चाचपायची आणि रिकामी परत यायची. आई ते बघायची आणि काही न बोलता त्या हातावर बडीशेप ठेवायची.

तेव्हा यावेळी शपथ नको, तयारी हवी. मधल्या सुट्टीचा चहा काही आठवडे गाड्यावर न घेता आत, डब्यासोबत. त्या सोबत्याला यजमानांनी स्वतः सांगायचे, की मला पुढे करू नकोस. शरीरासाठी डॉक्टरांना विचारून निकोटिनचा पॅच किंवा च्युइंग गम घ्या. उठल्यावर अर्ध्या तासात ओढणाऱ्याला बहुधा ४ मिलिग्रॅमचा गम लागतो. तो चघळत राहायचा नाही: थोडा चावायचा, झिणझिण्या आल्या की गालात दाबून ठेवायचा, आणि आधी पंधरा मिनिटे चहा-कॉफी नको. चहावर लगेच गम खाऊन ‘काही उपयोग नाही’ म्हणणारे पुष्कळ भेटतात. गोळ्याही आहेत, त्या डॉक्टरच देतील. १८००-११-२३५६ या मोफत राष्ट्रीय हेल्पलाइनवर समुपदेशक बोलतात. फोन त्यांनी स्वतः करावा, तुम्ही शेजारी बसा.

आणखी एक. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत गोव्यात तंबाखू घेणारे शंभरात दहाहूनही कमी निघाले, देशात सर्वात कमी. चांगलीच गोष्ट आहे, पण त्यामुळे इथे ओढणारा माणूस घरीदारी चटकन डोळ्यांवर येतो आणि लपून ओढू लागतो. लपलेल्या माणसाला मदत पोचत नाही. पुन्हा एखादी ओढली, तर ते त्यांनी घरी येऊन सांगावे आणि तुम्ही आदळआपट न करता ऐकावे, एवढे ठरवा.

लेकीची भीती मला समजते. पण पहिलीच सिगरेट पेटली नाही, तर ही जनुके तिचे काय करणार? तिच्यासमोर, घरात कुणी ओढू नये आणि कॉलेज संपेपर्यंत तिने पहिल्या झुरक्यापासून दूर राहावे, यासाठी झटा.

पत्राच्या शेवटी एक ओळ आहे, ती मला झोपू देईना. लेकीने तुम्हाला विचारले, ‘बाबांनी माझी शपथ मोडली, आता मला काही होणार का?’ ताई, बाकीचे सगळे उद्यावर टाका. आज जेवायला बसाल तेव्हा यजमानांना तिला जवळ घ्यायला सांगा आणि तिघांनी मिळून मोठ्याने म्हणा, शपथ सुटली.

तुमची,
ताई