प्रवासाचं विचारा: एव्हरग्लेड्सच्या बोटीत बसायच्या आधी

प्रश्न: ताई, माझं वय 61. मुलगी टॅम्पाला असते आणि आम्ही दोघं मे महिन्यात सहा महिन्यांसाठी तिच्याकडे येतोय. जावई म्हणतात एव्हरग्लेड्सला, म्हणजे फ्लोरिडाच्या दक्षिणेकडच्या त्या मोठ्या दलदलीत, बोटीतून फिरवून आणतो. ह्यांना कानाचं मशीन आहे, माझे गुडघे धरतात, आणि मगर म्हटलं की मला घामच फुटतो. कोणती बोट घ्यायची, कपडे काय घालायचे, पावसात गेलं तर चालेल का, सगळं नीट सांगा. (एक वाचक, सातारा)

उत्तर: काकू, कपडे-टोपीचं नंतर बघू, आधी महिना ठरवा, कारण निम्मी तयारी तिथेच होते. आपल्याकडचे आईबाबा बहुतेक एप्रिल-मे मध्ये येतात आणि दिवाळीच्या आसपास परत जातात, आणि एव्हरग्लेड्सचा चांगला सीझन नेमका उलटा, डिसेंबर ते एप्रिल. तेव्हा पाऊस जवळजवळ नसतो, पाणी आटत आटत खोलगट जागी गोळा होतं, मग मासे तिथे, माशांसाठी पक्षी तिथे आणि ॲलिगेटरही (मगरीचा रुंद तोंडाचा भाऊबंद) तिथेच, त्यामुळे एका जागी उभं राहून सगळं दिसतं. मेच्या मध्यापासून पाऊस लागला की पाणी पसरतं आणि पाण्याबरोबर प्राणीही पसरतात, शिवाय डास.

म्हणून तुमची तारीख हातात असेल तर मेच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात जाऊन या, जेट लॅग उतरला की लगेच. तेव्हा नाही जमलं तर जून-जुलै चालेल पण सकाळचीच फेरी घ्या, कारण दुपारी ढग भरून येतात आणि विजा कडाडायला लागल्या की उघड्या पाण्यावर कोणी बोट काढत नाही. ऑगस्ट-सप्टेंबर मात्र टाळाच असं मी सांगेन. वादळांचा सीझन 1 जून ते 30 नोव्हेंबर असतो आणि त्यातला सगळ्यात जोराचा काळ तोच, तेव्हा जायचंच झालं तर पैसे परत मिळतील असंच बुकिंग करा.

आता बोट. फोटोत दिसते ना ती, सपाट बुडाची आणि मागे मोठा पंखा लावलेली, ती एअरबोट. पाणी घोटाभर असलं तरी गवतावरून सुसाट जाते पण आवाज प्रचंड, कानावर लावायला हेडफोनसारखे मफ देतात. काकांनी मशीन आधीच काढून डबीत, डबी चेनच्या खिशात, आणि मग मफ. दुसरी म्हणजे खारफुटीतून जाणारी मोठी बोट, छप्पर असलेली, बसायला बाक, आणि कॅप्टन काय सांगतोय ते ऐकू येतं. तुमच्यासाठी मला हीच योग्य वाटते. एव्हरग्लेड्स सिटी म्हणून छोटं गाव आहे, टॅम्पाहून साधारण तीन तास, तिथून टेन थाऊजंड आयलंड्स भागात दीड तासाच्या आसपासची फेरी निघते. डॉल्फिन दिसतात, नशीब असेल तर मॅनॅटी दिसतो (पाण्यात संथ पोहणारा, गवत खाणारा भला मोठा प्राणी). बुक करताना फोनवर तीन गोष्टी विचारून घ्या, बोटीला छप्पर आहे का, टॉयलेट आहे का आणि चढताना पायरी किती उंच आहे. गुडघ्याचं आधी सांगून ठेवलं की हात द्यायला माणूस उभा राहतो, त्यात संकोच करू नका.

खारफुटीत पाणी खारट असल्याने ॲलिगेटर कमी दिसतात, तुम्हाला बरंच वाटेल, पण एवढं लांब येऊन ते न बघता परत जाऊ नका हो. त्यासाठी परत बोटीत बसायची गरज नाही. तामियामी ट्रेल नावाचा जुना हायवे आहे, 1928 साली सुरू झाला, त्यावर ओएसिस व्हिजिटर सेंटर लागतं, एव्हरग्लेड्स सिटीपासून अर्ध्या तासावर. तिथे रस्त्याकडेच्या कालव्यावर लाकडी कठडा केलाय आणि खाली ॲलिगेटर ऊन खात पडलेले असतात, तुम्ही वर, ते खाली, तिकीट नाही. पाण्यात असला तर फक्त डोळे आणि नाकपुड्या वर दिसतात. डोळ्यापासून नाकपुडीपर्यंत जितके इंच तितके फूट त्याची लांबी असा इथल्या लोकांचा अंदाज असतो, मुलगी बरोबर असेल तर तिला म्हणावं मोज. माझी आई पहिली दहा मिनिटं माझा दंड सोडत नव्हती आणि नंतर तासभर तिथून हलेना, कारण एका ॲलिगेटर मादीच्या पाठीवर तिची पिवळ्या पट्ट्यांची वीतभर पिल्लं बसली होती.

कपडे सुती, सैल, पूर्ण बाह्यांचे आणि फिकट रंगाचे. ऊन आपल्या मे महिन्याइतकंच पण हवा कोकणातल्यासारखी दमट, घाम वाळतच नाही, म्हणून पाणी प्रत्येकी एक लिटर तरी आणि बरोबर मीठ-साखरेचं काहीतरी. चप्पल नको, मागून पट्टा असलेली सँडल किंवा बूट. आधी सनस्क्रीन, ते मुरलं की त्यावर डासांचं, आणि डासांचं औषध इथेच घ्या, डीट किंवा पिकारिडिन असलेलं. किनाऱ्याकडे डासांबरोबर इतकी बारीक चिलटं असतात की दिसत नाहीत पण चावली की दोन दिवस खाजतं.

आणि जावयांनी हौसेने एअरबोटच बुक केली तर साडी नको, ओढणी नको. माझ्या मावशीची ओढणी वाऱ्याने उडून मागच्या पंख्याच्या जाळीला जाऊन चिकटली, कॅप्टनने त्याच क्षणी इंजिन बंद केलं म्हणून निभावलं, पण तेवढ्या दोन सेकंदांत माझ्या पोटात गोळा आला तो अजून आठवतो. टोपी हनुवटीला बांधायची, चष्म्याला दोरी लावायची.

खाऊ गाडीतच ठेवा, आणि कोणी कितीही म्हणालं तरी प्राण्यांना काही टाकू नका. फ्लोरिडात ॲलिगेटरला खायला घालणं कायद्याने गुन्हा आहे. माणसाच्या हातून खायची सवय लागली की त्याची भीती जाते, तो माणसांजवळ यायला लागतो आणि शेवटी त्यालाच मारावं लागतं. आपण टाकलेल्या एका वेफरचा हिशोब तो जिवाने चुकवतो.

प्रश्न: आम्ही मुलांना घेऊन ऑरलँडोला येतोय, डिस्ने झाल्यावर एक दिवस मोकळा आहे. तिथल्या किसिमीची एअरबोट म्हणजे एव्हरग्लेड्सच का, की उगाच नाव लावलंय? आणि अजगरांचं ऐकलंय ते कितपत खरं? (एक वाचक, ठाणे)

उत्तर: एव्हरग्लेड्स नॅशनल पार्क तिथून चार तास दक्षिणेला आहे, पण नाव अगदीच उगाच नाही. किसिमीच्या तलावांतलं पाणी किसिमी नदीतून ओकिचोबी या मोठ्या तलावात येतं आणि पूर्वी तो तलाव भरून वाहिला की तेच पाणी मैलोनमैल पसरून, गवतातून, अगदी हळूहळू समुद्राकडे जायचं. म्हणून तर एव्हरग्लेड्सला गवताची नदी म्हणतात. म्हणजे तुम्ही बसाल ती बोट नदीच्या उगमाकडे फिरते असं समजा. या किसिमी नदीचा 1960 च्या दशकात पूर आवरायला सरळ कालवा केला, तिची वळणं गेली, दलदल सुकली, पक्षी गेले, आणि नंतर चूक लक्षात आल्यावर कालव्याचा काही भाग बुजवून वळणं परत आणायचं काम कित्येक वर्षं चाललं, ते 2021 मध्ये पूर्ण झालं. मुलांना बोटीत बसायच्या आधी ही गोष्ट जरूर सांगा, नदी परत वाकडी करता येते हे मला स्वतःला फार मोठं वाटतं. एकच दिवस असेल आणि मुलं लहान असतील तर किसिमी पुरे, आठ तास गाडीत बसवू नका. लहान मुलांच्या मापाचे मफ आणि लाइफ जॅकेट आहेत का तेवढं आधी विचारा. आणि गवताला हात लावू देऊ नका, सॉग्रास म्हणतात त्याला, पात्याच्या कडेला करवतीसारखे दात असतात, उलटं बोट फिरवलं की कापतं.

अजगरांचं खरं आहे, पण बोटीतून ते दिसतही नाहीत इतके लपून असतात, तुम्हाला धोका नाही. धोका तिथल्या प्राण्यांना. लोकांनी पाळलेले बर्मीज पायथन सुटले, काही सोडले गेले, आणि 2012 च्या एका अभ्यासात पार्कमधले रॅकून आणि ओपॉसम (मांजराएवढे जंगली प्राणी) दिसण्याचं प्रमाण 90 टक्क्यांहून जास्त घटलेलं आढळलं.

प्रश्न: जानेवारीत कामासाठी मायामीला जातोय, दोन दिवस सुट्टी आहे. भिगवणला दरवर्षी बोटीतून रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, बघतो. पार्कात फ्लेमिंगो नावाचं ठिकाण आहे तिथे फ्लेमिंगो मिळतील का, दुर्बीण कोणती आणू? (एक पक्षीप्रेमी, बारामती)

उत्तर: महिना उत्तम निवडलात. पण नावावर जाऊ नका, फ्लेमिंगो तिथे क्वचितच दिसतात. 2023 च्या इडालिया वादळाने बरेच फ्लोरिडात येऊन पडले तेव्हा इथले लोक वेड्यासारखे धावले होते, यावरून ओळखा. लांबून गुलाबी थवा दिसला तर आधी चोच बघा, चमच्यासारखी असेल तर तो रोझिएट स्पूनबिल, आपल्याकडच्या चमचा पक्ष्याचा गुलाबी भाऊ. दुर्बीण 8 बाय 42 (आठपट मोठं दाखवणारी) आणा, हलत्या बोटीत दहापटीच्या दुर्बिणीतून नजर स्थिर राहत नाही.

फ्लेमिंगोला पार्कच्या दारापासून आत 38 मैल गाडी चालवावी लागते, म्हणून पेट्रोल आधीच भरा. तिथून व्हाइटवॉटर बे आणि फ्लोरिडा बे अशा दोन बाजूंना बोटी निघतात. अ‍ॅलिगेटर आणि मगर (म्हणजे खरी क्रोकोडाइल, करड्या रंगाची, निमुळत्या तोंडाची) दोन्ही निसर्गात एकत्र राहतात ते फक्त दक्षिण फ्लोरिडात, आणि फ्लेमिंगोच्या धक्क्याजवळ मगर हमखास पडलेली असते, बोटीत चढायच्या आधी डावी-उजवीकडे बघा. याच भागात 1905 साली गाय ब्रॅडली नावाच्या वॉर्डनला एका शिकाऱ्याने गोळी घालून मारलं, बायकांच्या हॅटवर लावायला बगळ्यांची पिसं हवी असायची आणि तो बगळ्यांच्या वसाहती राखत होता. तिथले बगळे बघताना मला त्याची आठवण आल्याशिवाय राहत नाही.

जाताना वाटेत रॉयल पाम लागेल, तिथली अ‍ॅनहिंगा ट्रेल सोडू नका, सकाळी आठच्या आत पोचा आणि तासभर नुसते उभे राहा. अ‍ॅनहिंगा म्हणजे आपला तिरंदाज पक्षीच, त्याचा अमेरिकेतला भाऊबंद. पाण्यात बुडी मारतो, माशाला चोचीने आरपार भोसकतो, वर आणून हवेत उडवतो आणि डोक्याकडून गिळतो. मग तुमच्यापासून दोन हातांवर, कठड्यावर येऊन बसतो आणि ओले पंख पसरून वाळवत राहतो, उजनीच्या पाण्यात बुडालेल्या झाडांवर बसतो ना, अगदी तसाच.