वाचकांचे प्रश्न : अमेरिकेतील राज्यकारभार आणि डॉक्टर

प्रश्न : अमेरिकेत काही राज्यांचे गव्हर्नर पेशाने डॉक्टर असतात आणि राजकारणात असतानाही रुग्ण तपासतात, असे ऐकले. हे कसे शक्य होते? आणि त्यामुळे तेथील आरोग्यव्यवस्थेत खरोखर फरक पडतो का?
— एक निवृत्त शिक्षिका, कोथरूड, पुणे

उत्तर : गव्हर्नरपद पूर्णवेळ आहे, त्याची तुलना आपल्या राज्यपालांशी नव्हे, मुख्यमंत्र्यांशी करावी. मात्र अनेक राज्यांत आमदारकी अर्धवेळ असते. न्यू हॅम्पशायरच्या आमदाराला वर्षाला अवघे १०० डॉलर मानधन मिळते, त्यामुळे व्यवसाय चालू ठेवण्यावाचून गत्यंतर नसते. व्हरमाँटमध्ये लेफ्टनंट गव्हर्नर, म्हणजे गव्हर्नरखालोखालचे दुसरे पद, हेही अर्धवेळच होते. त्या पदावरील डॉ. हॉवर्ड डीन १४ ऑगस्ट १९९१ रोजी आपल्या दवाखान्यात रुग्ण तपासत असताना गव्हर्नर रिचर्ड स्नेलिंग यांच्या निधनाची वार्ता आली, आणि राज्याची धुरा त्यांच्याकडे गेली. हवाईचे विद्यमान गव्हर्नर डॉ. जॉश ग्रीन हेही लेफ्टनंट गव्हर्नर असताना रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात काम करीत होते.

फरक पडतो का, या प्रश्नाचे सर्वांत बोलके उत्तर ओरेगनमध्ये सापडते. गरिबांसाठीच्या ‘मेडिकेड’ योजनेला केंद्र आणि राज्य दोघेही पैसा देतात, पण कारभार राज्याकडे असतो. १९८७ मध्ये ओरेगनच्या विधिमंडळाने या योजनेतील अवयव-प्रत्यारोपणाचा खर्च थांबवला आणि अस्थिमज्जा प्रत्यारोपणाची गरज असलेला सात वर्षांचा एक मुलगा दगावला. त्या वेळी राज्याच्या सिनेटचे (विधिमंडळाच्या वरिष्ठ सभागृहाचे) अध्यक्ष होते डॉ. जॉन किट्झहाबर; रोझबर्ग या गावातील रुग्णालयात आपत्कालीन विभागाचे काम करणारे डॉक्टर. लोकक्षोभ उसळला तरी त्यांनी मूळ प्रश्न टाळला नाही. पैसा अपुरा पडला की अन्य राज्ये गरिबांची नावे योजनेतून कमी करीत. किट्झहाबर यांनी माणसे वगळण्याऐवजी कमी उपयोगाचे उपचार वगळावेत आणि तेही उघडपणे, उपचारांची प्राधान्यक्रमाने यादी करून, असे सुचवले. १९८९ मध्ये तसा कायदा झाला. पहिल्या यादीत दाताला टोपी बसवणे हे आन्त्रपुच्छाच्या (अपेंडिक्सच्या) शस्त्रक्रियेच्या वर लागल्याने टीका झाली आणि यादी नव्याने करावी लागली. १९९४ मध्ये योजना सुरू झाली तेव्हा ६९६ पैकी ५६५ क्रमांकांपर्यंतच्या उपचारांचा खर्च राज्याने उचलला. माझ्या मते, रेघ कोठे ओढली हे लोकांना सांगण्याचे धैर्य, हीच या डॉक्टरची खरी कामगिरी होय. पुढे ते चार वेळा गव्हर्नर म्हणून निवडून आले. हितसंबंधांच्या आरोपांमुळे २०१५ मध्ये त्यांना राजीनामा द्यावा लागला. वैद्यकाची पदवी सचोटीची हमी देत नाही, हेही येथे नोंदवले पाहिजे.

कॅलिफोर्निया राज्याचे तत्कालीन सिनेटर, बालरोगतज्ज्ञ डॉ. रिचर्ड पॅन यांचे कार्यही महत्त्वाचे आहे. डिस्नेलँडपासून पसरलेल्या गोवराच्या साथीनंतर, शाळाप्रवेशासाठी लागणाऱ्या लसींतून वैयक्तिक मतांच्या आधारे मिळणारी सूट रद्द करणारा कायदा त्यांनी २०१५ मध्ये पुढे रेटला. त्यापायी त्यांना धक्काबुक्कीही सोसावी लागली.

प्रश्न : माझी मुलगी मिशिगनमध्ये डॉक्टर असून तिला तेथील नागरिकत्व मिळाले आहे. जन्म पुण्याचा असल्यामुळे तिला राज्याची निवडणूक लढवता येणार नाही का?
— एक वाचक, सहकारनगर, पुणे

उत्तर : अवश्य येईल. जन्माने नागरिक असण्याची अट राष्ट्राध्यक्ष व उपराष्ट्राध्यक्ष या पदांपुरतीच आहे. मिशिगनमध्ये गव्हर्नरपदासाठी वय किमान ३० आणि राज्यातील मतदार म्हणून चार वर्षांची नोंद लागते. बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार यांनी २०१८ मध्ये तेथेच गव्हर्नरपदासाठी पक्षांतर्गत निवडणूक लढवली होती. ती हरल्यावर ते राज्याच्या विधिमंडळात आणि पुढे अमेरिकी काँग्रेसमध्ये गेले. एक गोष्ट मात्र आपल्या मुलीने आधीच जोखावी. मिशिगनचे विधिमंडळ पूर्णवेळ चालते, त्यामुळे न्यू हॅम्पशायरप्रमाणे आमदारकीबरोबर नियमित दवाखाना चालवणे तेथे अवघड जाईल.