गेम बॉय ॲडव्हान्सचे गेम संगणकावर चालवणाऱ्या एमजीबीए या एम्युलेटरची, म्हणजे यंत्राची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमची, ०.१० ही आवृत्ती ०.९ पेक्षा नवीन आहे का? तिच्यात काय वाढले आहे, आणि माझ्याजवळच्या जुन्या कॅसेटमधून काढलेली भावंडांची सेव्ह, म्हणजे खेळाची साठवलेली प्रगती, तिच्यात सुरक्षित राहील का? माझा लॅपटॉप जुना आहे.

आपला पहिला प्रश्न आकड्याबद्दल आहे आणि तो अगदी स्वाभाविक आहे. आवृत्तीच्या क्रमांकातील टिंब हे दशांशचिन्ह नसते. टिंबानंतरचा आकडा स्वतंत्रपणे मोजला जातो, त्यामुळे नवानंतर दहा येतात त्याप्रमाणे ०.९ नंतर ०.१० आली. ०.९ मार्च २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली आणि ०.१० ऑक्टोबर २०२२ मध्ये. त्यानंतर ०.१० याच मालिकेत दुरुस्तीच्या लहान आवृत्त्या येत गेल्या, म्हणून उतरवून घेताना त्या मालिकेतील शेवटची आवृत्ती घ्यावी.

तिसरा प्रश्न, म्हणजे जुन्या सेव्हचा, मी दुसऱ्याच्या आधी घेतो, कारण माझ्या मते या आवृत्तीचे खरे मोल तिथेच आहे आणि तो अनुभव मी स्वतः घेतलेला आहे.

आमच्या घरी २००५ साली मामांनी दुबईहून गेम बॉय ॲडव्हान्स हे निन्टेंडो कंपनीचे हातात धरून खेळायचे यंत्र आणले. जपानमध्ये मार्च २००१ मध्ये बाजारात आलेले हे यंत्र तोवर चार वर्षांचे झाले होते, पण कोल्हापुरात आमच्या गल्लीत ते कोणी पाहिलेले नव्हते. कॅसेट मात्र इथेच, लक्ष्मीपुरीतील एका दुकानातून घेतली. ती मूळ कंपनीची नसून नक्कल होती, हे आम्हाला पुष्कळ वर्षांनी कळले. त्या एका कॅसेटवर माझ्या थोरल्या भावाने, दादाने, दोन उन्हाळ्यांच्या सुट्ट्या घालवल्या. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आमच्या शाहूपुरीतील घराचा तळमजला पाण्याखाली गेला आणि कपाटातील यंत्र कायमचे बंद पडले. कॅसेट माळ्यावरच्या पत्र्याच्या डब्यात होती, म्हणून ती वाचली.

अशा नकली कॅसेटमध्ये सेव्ह बहुधा एसरॅम या स्मृतीत असते आणि ती स्मृती केवळ एका लहान सेलच्या जोरावर टिकून राहते. आम्ही तीन पाकळ्यांचा स्क्रू काढून कॅसेट उघडली, तेव्हा आत सीआर१६१६ क्रमांकाचा, नाण्यासारखा सेल दिसला. त्याच्या एका टोकाला पांढरट हिरवी भुकटी धरली होती, मीटर लावून पाहिले तर ३ व्होल्टऐवजी २.६ व्होल्ट भरले, पण तो जिवंत होता. आपली कॅसेटही याच प्रकारची असेल, तर सेव्ह संगणकावर उतरवून घेतल्याशिवाय सेलला हात लावू नये, कारण सेल निघताक्षणी सर्व काही पुसले जाते. आम्ही कॅसेट वाचणारे यूएसबी उपकरण मागवून गेम आणि सेव्ह या दोन्हींच्या फाइल तयार केल्या. मी गेमच्या फाइल कोणाला देत नाही आणि त्या कोठे मिळतात हेही सांगत नाही. आपल्या हातात कॅसेट आहे, तेव्हा आपल्याला त्याची गरजही पडणार नाही.

अडचण पुढे आली. काढलेली सेव्ह फाइल ६५,५३६ बाइटची, म्हणजे ६४ केबीची होती. गेम बॉय ॲडव्हान्सच्या अधिकृत कॅसेटमध्ये एसरॅम ३२ केबीची असते आणि ०.९ त्याच हिशेबाने चालत असल्यामुळे फाइलचा उत्तरार्ध गेमला मिळतच नव्हता. दादाची सेव्ह उघडली की गेम ती खराब असल्याचा संदेश देई. मला वाटले की सेलने शेवटी दगा दिला, आणि मी जवळजवळ वर्षभर ती फाइल तशीच ठेवून दिली.

काही नकली कॅसेटमध्ये आढळणाऱ्या या ६४ केबीच्या एसरॅमला ०.१० मध्ये आधार देण्यात आला. प्रत्येक गेमसाठी स्वतंत्र सेटिंग करण्याची जी खिडकी आहे, तिच्यात सेव्हच्या प्रकारांच्या यादीत हा प्रकार निवडता येतो. तो गेम सुरू करण्यापूर्वीच निवडावा, कारण गेम चालू झाल्यावर एम्युलेटरने सेव्हचा प्रकार आधीच ठरवलेला असतो. मी तो निवडला, गेम सुरू केला आणि पहिल्याच पडद्यावर दादाने इंग्रजीत चुकीच्या स्पेलिंगने लिहिलेले स्वतःचे नाव आले. त्या वेळी दादा पुण्यात होता. मी पडद्याचे छायाचित्र काढून त्याला पाठवले आणि त्याचा लगेच फोन आला.

त्यानंतर निराळाच पेच पडला, आणि आपण भावंडांच्या सेव्हबद्दल लिहिले आहे त्यावरून तो आपल्यालाही पडणार असे दिसते. नववीत शिकणाऱ्या माझ्या भाचीला तोच गेम अगदी सुरुवातीपासून खेळायचा होता आणि त्या गेममध्ये सेव्हची जागा एकच आहे. तिने नवा खेळ सुरू करून सेव्ह केले असते, तर दादाचे दोन उन्हाळे तिथेच संपले असते. ०.१० मध्ये एकाच गेमसाठी अनेक सेव्ह ठेवण्याची सोय आली आहे: मूळ फाइल एसएव्ही या विस्ताराने राहते आणि पुढच्या फाइलना एसए२, एसए३ असे विस्तार मिळतात. कोणती सेव्ह घेऊन खेळायचे, हे मेनूतून निवडता येते. पूर्वी यासाठी फाइलची नावे हाताने बदलावी लागत आणि एखाद्या संध्याकाळी घाईत ती उलटसुलट होण्याची भीती असे. आता पहिली सेव्ह दादाची आणि दुसरी भाचीची, अशी व्यवस्था आमच्याकडे लागली आहे.

आता उरलेल्या नवीन गोष्टी. त्यांपैकी लुआ या भाषेत लहान प्रोग्रॅम लिहून एम्युलेटरला जोडण्याची सोय मला सर्वांत मोलाची वाटते, जरी निर्मात्यांनी ती प्राथमिक स्वरूपात दिलेली आहे. लुआ ही ब्राझीलमध्ये १९९३ साली तयार झालेली लहानशी भाषा आहे आणि पोर्तुगीजमध्ये त्या शब्दाचा अर्थ चंद्र. आपला प्रोग्रॅम गेमच्या प्रत्येक फ्रेमला, म्हणजे पडद्यावर उमटणाऱ्या प्रत्येक चित्राला, एकदा चालवता येतो, यंत्राच्या स्मृतीतील कोणताही आकडा वाचता किंवा बदलता येतो आणि वाचलेले आकडे शेजारच्या खिडकीत मजकूर म्हणून दाखवता येतात. गेम बॉय ॲडव्हान्सची २५६ केबीची मोठी स्मृती, सोळाच्या पायाने मोजल्यास, ०२०००००० या पत्त्यापासून सुरू होते. गेममधील नाणी कोणत्या पत्त्यावर साठतात, हे भाचीने आणि मी एका रविवारी शोधले. एक नाणे उचलायचे, कोणते आकडे एकाने वाढले ते पाहायचे, आणखी एक उचलायचे आणि न वाढलेले पत्ते यादीतून काढायचे, असे करत तासाभराने एकच पत्ता उरला. सोळाच्या पायाची मोजणी शाळेच्या फळ्यावर तिला समजत नव्हती. नऊ नाण्यांनंतरच्या दहाव्या नाण्याला आकड्याच्या जागी इंग्रजी ए हे अक्षर उमटलेले पाहिल्यावर ती समजावून सांगण्याची गरज उरली नाही. घरात शिकणारे मूल असेल, तर केवळ या सोयीसाठीही मी ही आवृत्ती घ्यायला सांगेन.

मूळ गेम बॉयचे जुने गेम आपण खेळत असाल, तर त्यांच्या चार छटांसाठी रंगसंगतीचे तयार संच आता निवडता येतात आणि त्यांत सुपर गेम बॉयच्या, म्हणजे हे गेम टीव्हीवर खेळण्यासाठीच्या जोडउपकरणाच्या, रंगसंगतीही आहेत. खिडकी मागे गेली किंवा लहान केली की आवाज आपोआप बंद व्हावा, असे ठरवता येते; गोष्ट लहान आहे, पण एकाच खोलीत कोणी अभ्यास करत असेल तर तिची किंमत कळते. हालचाल ओळखणारा कंट्रोलर संगणकाला जोडलेला असेल, तर यंत्र तिरके करून खेळायचे गेम आता खऱ्या अर्थाने तिरके करून खेळता येतात. ई-रीडर या गेम बॉय ॲडव्हान्सला जोडायच्या कार्डवाचकाच्या कार्डांच्या स्कॅन केलेल्या चित्रांवरून मूळ माहिती परत मिळवण्याचे साधनही आले आहे, परंतु ती कार्डे मी आपल्याकडे कोणाजवळ पाहिलेली नाहीत.

आपला लॅपटॉप जुना आहे याची काळजी करू नये. मूळ यंत्राचा पडदा २४० बाय १६० ठिपक्यांचा आणि प्रोसेसर सुमारे १६.८ मेगाहर्ट्झचा होता, त्यामुळे त्याची नक्कल करायला फार ताकद लागत नाही. ३२ बिटच्या विंडोजसाठीही वेगळी फाइल उपलब्ध आहे. यंत्राच्या बायॉसची, म्हणजे यंत्रातच असलेल्या मूळ प्रोग्रॅमची, फाइलही शोधत बसू नये, कारण तिच्या जागी चालणारी पर्यायी व्यवस्था एम्युलेटरमध्येच आहे.

बदल करताना मी पाळलेला क्रम असा. आपण वेगळे काही ठरवले नसेल, तर सेव्ह फाइल गेमच्या फाइलशेजारी त्याच फोल्डरमध्ये असते. ते पूर्ण फोल्डर आधी पेन ड्राइव्हवर उतरवावे आणि पेन ड्राइव्ह काढून बाजूला ठेवावा. ०.९ मध्ये गेम शेवटचा उघडून गेमच्या स्वतःच्या मेनूतून सेव्ह करावे. शिफ्ट आणि एफ१ दाबून जी स्टेट साठवली जाते ती वेगळी गोष्ट आहे: ती त्या क्षणाच्या संपूर्ण यंत्राची प्रतिमा असते, आणि आवृत्ती बदलताना केवळ तिच्यावर विसंबून राहू नये, असे माझे ठाम मत आहे. मग ०.१० वेगळ्या फोल्डरमध्ये उघडावी, जुनी पुसू नये. आपल्या सेव्ह फाइलवर उजवे बटण दाबून तिचा आकार पाहावा. तो ६५,५३६ बाइट असेल आणि कॅसेट नकली असल्याची शंका असेल, तर गेम सुरू करण्यापूर्वी सेव्हचा प्रकार ६४ केबी एसरॅम असा निवडून पाहावा. मात्र याच आकाराची फ्लॅश स्मृती काही अस्सल कॅसेटमध्येही असते, म्हणून अस्सल कॅसेटसाठी प्रकार ओळखण्याचे काम एम्युलेटरवरच सोडावे. गेममध्ये आपल्या भावंडांची नावे दिसली, की लहानांसाठी दुसरी सेव्ह उघडून द्यावी आणि त्यानंतरच कॅसेटमधील सेल बदलायला घ्यावा.