हायड्रोजन हिरवा कसा?

प्रश्न : हायड्रोजन जाळला की फक्त पाणी तयार होतं म्हणतात. मग सरकारचं अनुदान फक्त ‘हरित’ हायड्रोजनलाच का? वायूला रंग असतो का?

उत्तर : वायूला रंग नसतो, तो कशापासून बनवला यावरून हे नाव पडतं. माझी सारी नोकरी खत कारखान्याच्या अमोनिया प्लांटमध्ये गेली. तिथे आम्ही नैसर्गिक वायू आणि वाफेपासून हायड्रोजन काढायचो. या पद्धतीत एका किलोमागे नऊ-दहा किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. त्यातला बराचसा आमच्याकडे युरियात जायचा, पण शेतात युरिया विरघळला की तो पुन्हा हवेतच! तेव्हा याचं कुणाला काही वाटत नसे, मलाही नाही.

जानेवारी २०२३मध्ये केंद्राने १९,७४४ कोटींचं राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियान मंजूर केलं. २०३०पर्यंत वर्षाला ५० लाख टनांचं लक्ष्य आहे. ‘हरित’ म्हणवून घ्यायचं तर किलोमागे उत्सर्जन दोन किलोच्या आत हवं.

खरी मेख विजेत आहे. हरित हायड्रोजनसाठी विजेने पाण्याचं विघटन करतात, आणि असा एक किलो हायड्रोजन काढायला पन्नासहून जास्त युनिट लागतात. ती वीज कोळशाची असेल, तर युनिटमागे साधारण एक किलो कार्बन डायऑक्साइड धरा. म्हणजे आमच्या जुन्या प्लांटच्या पाचपट धूर!

आणि हा महागडा वायू मोटारींत घालण्यात मला तरी अर्थ दिसत नाही. त्यांना बॅटरी आहे. खत आणि रिफायनरीला मात्र हायड्रोजनच लागतो. आधी तिथला हायड्रोजन हरित करा, मग कोळशाऐवजी हायड्रोजनवर पोलाद बनवण्याचं बघू.