उपग्रहाला रानाचं वजन कसं कळतं?

प्रश्न : ॲमेझॉनमध्ये तोडलेलं जंगल पुन्हा उगवतं आणि झपाट्यानं कार्बन शोषतं, असं वाचलं. हे उपग्रहावरून मोजतात म्हणे. इतक्या उंचीवरून झाडांचं वजन कसं कळणार? आमची चार एकर वरकस जमीन पंचवीस वर्षं पडून आहे, तिच्यावर चांगलं रान उठलंय. तिचा हिशेब निघेल का?
– एक निवृत्त शिक्षक, संगमेश्वर

उत्तर : गुरुजी, वजन उपग्रहाला कळतच नाही. त्याला रानाचं वय कळतं आणि उंची कळते. वजन येतं ते कुणीतरी चिखलात उभं राहून खोडाला लावलेल्या टेपमधून.

आधी वय. लँडसॅट या अमेरिकी उपग्रहांच्या चित्राचा एक ठिपका ३० मीटर लांब, ३० मीटर रुंद. आपल्या मापात साधारण नऊ गुंठे. १९८५पासूनच्या या चित्रांवरून ब्राझीलमधला मॅपबायोमास प्रकल्प दर वर्षाचा नकाशा करतो. एखाद्या नऊ गुंठ्यांवर १९९७पर्यंत गुरांचं कुरण आणि १९९८पासून सलग झाडी दिसली, तर २०१८ साली ते 'कापोएरा' वीस वर्षांचं. पुन्हा उठलेल्या रानाला तिकडे हाच शब्द आहे. मग पाच, दहा, वीस वर्षांची रानं शेजारी ठेवून वाढीचा आलेख काढतात. पहिली ते दहावीची मुलं एकाच दिवशी ओळीत उभी करून मूल वर्षाला किती वाढतं ते ठरवावं, तसं. पण एखादा तुकडा तीनदा जळलेला असतो, दुसरा एकदाही नाही. वय सारखं असूनही वाढ सारखी नसते.

उंचीसाठी लेसर. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर २०१८च्या अखेरीस 'जेडी' हे उपकरण गेलं. त्याच्या प्रकाशाचा ठिपका २५ मीटर व्यासाचा, जेमतेम पाच गुंठ्यांचा. शेंड्यावरून परतलेला आणि जमिनीवरून परतलेला प्रकाश यांतल्या वेळेवरून उंची निघते.

खरी अडचण इथून पुढे. तुमच्या रानात पंधरा मीटरचा पांगारा आणि तेवढ्याच उंचीचा, तेवढ्याच घेराचा ऐन असेल. लेसरला दोन्ही सारखेच. पण पांगाऱ्याचं लाकूड किती हलकं, हे तुम्हाला मी सांगायला नको. ॲमेझॉनच्या कोवळ्या रानात सेक्रोपिया नावाचं झाड भराभर वर चढतं आणि त्याचं खोड आतून पोकळ असतं. म्हणून झाडाची जात, छातीच्या उंचीवरचा, म्हणजे १.३ मीटरवरचा घेर आणि लाकडाची घनता जमिनीवरच नोंदावी लागते. लॅटिन अमेरिकेतल्या ४५ ठिकाणच्या अशा नोंदी २०१६ साली एकत्र मांडल्या गेल्या. पहिल्या वीस वर्षांत हेक्टरी वर्षाला सरासरी ३.०५ टन कार्बन, जुन्या जंगलाच्या अकरा पट! पण जुन्या जंगलाच्या ९० टक्के वजन भरून यायला ६६ वर्षं, हा मधला आकडा : निम्म्या ठिकाणी याहून कमी, निम्म्या ठिकाणी जास्त. 'तोडलं तरी उगवतंच की' असं कुणी म्हणालं की मला फार राग येतो, तो या ६६मुळे.

हे आकडे तुमच्या जमिनीला लावू नका. आपल्याकडे आठ महिने कोरडे जातात, आणि ऐन-किंजळ बुंध्यापासून फुटतात. चार एकरांत लँडसॅटचे ठिपके जेमतेम अठरा, त्यातले कडेचे शेजाऱ्याच्या बागेत मिसळलेले. नोकरीत असताना मी नकाशावर रान म्हणून रंगवलेला एक डोंगरउतार प्रत्यक्षात काजूची बाग निघाला होता. तेव्हापासून जागेवर गेल्याशिवाय मी सही केली नाही. जुलै २०२५मध्ये श्रीहरिकोटाहून गेलेल्या निसार या भारत-अमेरिकेच्या उपग्रहाची २४ सेंटिमीटरची रडारलहर पानांतून आत शिरते आणि हेक्टरी १०० टनांपर्यंत वजनाच्या रानाचा अंदाज देऊ शकते. तुमच्यासारख्या रानांना तीच उपयोगाची. पण तिचा आकडा पडताळायलाही टेपच लागणार.

म्हणून पावसाळा सरला की दहा गुंठे आखा. प्रत्येक झाडाला नंबर द्या, नाव आणि घेर वहीत लिहा; पाच वर्षांनी तीच झाडं, त्याच उंचीवर पुन्हा मोजा. पांगारा ओळखणारं कुणी जुनं माणूस सोबत घ्या. पहिली पानं भरली की मला पाठवा, हिशेब मी करून देतो.