नव्या कॅम्पवर पोस्टिंग: तारेआधी पाण्याचं बघा

भाऊ, तुम्ही ऑनलाइन पोस्टमध्ये लिहिलंय की बस्तरमध्ये आतल्या भागात नवा कॅम्प टाकलाय, आणि विचारलंय तार किती पदरी हवी, मोर्चे (पहाऱ्याचे बंकर) किती हवेत. ते ट्रेनिंगमध्ये शिकवलेलं असतं, त्यावर मी बोलत नाही. पण शेवटी एका ओळीत लिहून गेलात की बोअर अजून झाला नाही, पाणी नाल्यावरून आणतो. ते वाचून राहवलं नाही. (आधी पोस्टमधून नाल्याचं नाव काढा.)

आमचंही हेच होतं. जागा कुणीतरी नकाशावर रस्ता बघून ठरवली, पाणी बघितलंच नाही. बोअरची फाईल ज्या ऑफिसात गेली, नाव घेत नाही, तिथं खर्च कुठल्या हेडमध्ये टाकायचा यावरच महिनोनमहिने घोळ, मग बोअर मारायच्या मशिनला, रिगला, एस्कॉर्ट कोण देणार, मग मार्च संपला, नवा प्रस्ताव पाठवा. तोवर आमची पार्टी रोज सकाळी नाल्यावर. वाट बदला, वेळ बदला अशी पत्रं मात्र वेळेवर यायची, पण अख्ख्या कंपनीचं पाणी कॅन भरून झाडीतून कसं आणायचं ते त्यात नसायचं. शेवटी त्याच उतारावर प्रेशर आयईडी (पाय पडला की फुटणारा पुरलेला बॉम्ब) फुटला, एका जवानाचा पाय गेला. मग बोअर लगेच मंजूर! आजही ते आठवलं की डोकं फिरतं, असो.

कॅम्पवर हल्ला म्हटलं की लोक राणीबोदली काढतात. बरोबर आहे, मार्च 2007 मध्ये तिथल्या पोलीस कॅम्पवर नक्षल्यांनी रात्री पेट्रोल बॉम्ब टाकले, 55 जण गेले. पण बुरकापालला एप्रिल 2017 मध्ये 25 जवान गेले ते रस्त्याच्या कामाला संरक्षण देताना, तारेच्या बाहेर. आणि अमेरिकेचं अफगाणिस्तानात काय झालं? वानातला जुलै 2008 मध्ये चौकी नवीकोरी, खोदकामाची मशिनं वेळेत आली नाहीत, पाण्याची टंचाई, पोरं उन्हात हातानं खणतायत, आणि काही दिवसांतच हल्ला, 9 सैनिक गेले, त्यातले बहुतेक बाजूच्या छोट्या निरीक्षण चौकीवर. ऑक्टोबर 2009 मध्ये त्यांचीच कीटिंग नावाची चौकी, ती तर दरीच्या तळाशी, चारी बाजूंनी डोंगर. बंद करायचं ठरलेलं, पण त्याआधीच हल्ला झाला, 8 गेले. एवढी हेलिकॉप्टरं असून ही गत.

माझं मत सांगतो, पण मी रिटायर्ड माणूस, नियम बदलले असतील, कंपनी कमांडर म्हणतील ते अंतिम. बोअर होईपर्यंत पाण्याची प्रत्येक फेरी ऑपरेशन समजा. टाक्या जास्तीच्या मागून घ्या म्हणजे रोज उतरावं लागणार नाही, आणि दिवस ठरलेला नको. वाट तपासल्याशिवाय, वर कव्हरला माणसं बसल्याशिवाय कुणी कॅन उचलायचा नाही. आणि मागणी तोंडी कधीच नको, लेखी, तारीख टाकून, कॉपी स्वतःकडे. चौकशी लागली की ऑफिसवाले हात वर करतात आणि पहिला प्रश्न तुम्हाला येतो.

अजून एक, मोबाईलला रेंज येते त्या एका कोपऱ्यात संध्याकाळी सगळे गोळा होतात, ते मोडून काढा, बीजीएल (नळीतून डागलेला ग्रेनेड) कुठूनही येतो. गावची कुत्री हाकलू नका, संतरीच्या आधी तीच भुंकतात. आणि ताप अंगावर काढू नका, त्या भागातला फॅल्सिपेरम मलेरिया वाईट, त्याच दिवशी टेस्ट करून घ्या, ड्युटी कोण लावतंय ते नंतर बघू.