‘कक्षा’ हिंदीतून आलेली नाही

प्रश्न असा आला आहे : कक्षा म्हणजे हिंदीत शाळेचा वर्ग, मग ‘भ्रमणमार्ग’ हा चांगला मराठी शब्द सोडून ग्रहांसाठी हा उसना शब्द कशाला? आणि ग्रह एकमेकांच्या कक्षेत का घुसत नाहीत?

उसना कसला! ४९९च्या सुमारास आर्यभटाने रचलेल्या ‘आर्यभटीय’ या संस्कृत खगोलग्रंथात ‘कक्ष्याप्रतिमण्डलगा भ्रमन्ति सर्वे ग्रहाः’ असं स्वच्छ म्हटलंय, म्हणजे सगळे ग्रह कक्ष्या आणि प्रतिमंडल या वर्तुळांवरून फिरतात; ‘कक्ष्या’ म्हणजे आपली कक्षाच. तिथे मध्यभागी सूर्य नसून पृथ्वी आहे, पण शब्द हाच. खरी गंमत अमरकोश या जुन्या संस्कृत शब्दकोशात आहे : ‘कक्ष्या प्रकोष्ठे हर्म्यादेः काञ्च्यां मध्येभबन्धने’. वाड्यातलं दालन, कमरपट्टा आणि हत्तीच्या पोटाला आवळायचा पट्टा, तिन्ही एका ओळीत. वर्गाची खोली त्या दालनातून आली. मूळ शब्द ‘कक्ष’, म्हणजे आपली काख.

जुन्या खगोलज्ञांनी शब्द उचलला तो हत्तीच्या पट्ट्यावरूनच, असं माझं ठाम मत आहे. दालनाला भिंती असतात. पट्टा नुसता वेढतो आणि ज्याच्या त्याच्या घेराइतकाच असतो. इंग्रजी ‘ऑर्बिट’च्या मुळाशी असलेल्या लॅटिन ‘ऑर्बिटा’चा अर्थ चाकाने पडलेली चाकोरी. चाकोरी आधी पडलेली असते, गाडी मागून येते. ‘भ्रमणमार्गा’तही तीच खोट आहे, ग्रहासाठी आधीच कुणी रस्ता करून ठेवल्यासारखी. शुद्ध मराठी म्हणून त्याचा आग्रह धरणाऱ्यांनी ‘भ्रमण’ आणि ‘मार्ग’ कुठून आले तेही सांगावं.

आकाशात रस्ता नाहीच. ग्रह सतत सूर्याकडे पडत असतो आणि आडव्या वेगामुळे सतत बाजूने निसटतो. त्या वेगातून आणि अंतरातून कक्षा ठरते : बुध सेकंदाला सरासरी ४७ किलोमीटर धावतो, पृथ्वी ३०, नेपच्यून जेमतेम साडेपाच.

आता जे ऐकून कान किटले ते. ऑगस्ट २०२३मध्ये जो तो म्हणत होता, चांद्रयान-३ ‘चंद्राच्या कक्षेत’ गेलं. चंद्राची कक्षा पृथ्वीभोवती आहे! यान गेलं ते चंद्राभोवतीच्या कक्षेत. ‘सूर्याच्या कक्षेत फिरणारे ग्रह’ हेही तसलंच. सूर्याची कक्षा आकाशगंगेच्या केंद्राभोवती आहे, तिची एक फेरी वीस कोटींहून जास्त वर्षांची. ‘भोवती’ एवढा एक शब्द लिहायला काय जातं?

घुसखोरीचं म्हणाल, तर साडेचार अब्ज वर्षांपूर्वी, सूर्यमाला घडत असताना, ती भरपूर चालली होती. ज्या गोळ्यांच्या कक्षा एकमेकींना छेदत होत्या त्यांतले बहुतेक आदळले किंवा बाहेर फेकले गेले. उरलेले ऐसपैस अंतर राखून आहेत, म्हणून एकमेकांची ओढ त्यांना फारशी हलवत नाही. प्लूटो मात्र काही काळ नेपच्यूनपेक्षा सूर्याच्या जवळ येतो. तरी टक्कर होत नाही, कारण नेपच्यूनच्या तीन फेऱ्या होतात तेवढ्यात त्याच्या नेमक्या दोन होतात, आणि तो आत येतो तेव्हा नेपच्यून कायम दूर असतो.